तापी जिथे संपते

हजीरा हे नाव मी पहिल्यांदा वाचले ते युरियाच्या पिशवीवर. १९८८-८९ चा सुमार असेल. रिकाम्या पिशव्या धुऊन-वाळवून आई त्यांच्या खोळी करायची आणि पावसाळ्यात आम्ही भावंडे त्या डोक्यावर घेऊन शाळेत जायचो. पुढे चालणाऱ्या थोरल्या भावाच्या पाठीवर ते नाव असायचे, म्हणून मी ते रोज वाचायचो. एकदा वडिलांना विचारले, "हजीरा कुठे आहे?" वडील वखराची पास ठोकत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "तापी जिथे संपते तिथे."

वडिलांनी हजीरा पाहिलेले नव्हते. पण तापीची त्यांना माहिती होती, कारण त्यांचे गाव तापीतच गेले होते. उकाईचे धरण १९७२ साली पुरे झाले. धरणाची भिंत गुजरातेत. मागे पसरलेल्या पाण्याने शंभराहून अधिक गावे घेतली आणि त्यांत काही आपल्याकडची, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातलीही होती. वडील त्या वेळी विशीत होते. घराची दारे आणि चौकट उपटून बैलगाडीत घातली आणि कुटुंब वर सरकले. ती चौकट आमच्या आजच्या घराला अजून आहे. भिंतीच्या मानाने आखूड पडते म्हणून वर विटांचा एक थर घातलेला आहे. पाहुणे विचारतात, असे का केले? आम्ही काही सांगत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये वडील गेले. ते दिवस कसे होते हे वाचकांना वेगळे सांगायला नको. आई त्या वेळी घरात वेगळ्या खोलीत होती, तापाने फणफणलेली. तिला शेवटचे दर्शनही झाले नाही. मी आणि भावाने जे करायचे ते केले आणि अस्थी प्रकाशाला तापीत सोडल्या. दक्षिणकाशी म्हणून एरवी गजबजलेला घाट त्या दिवशी रिकामा होता. एक गुरुजी दुरूनच मंत्र म्हणत होते.

आईने त्यावर दोन-अडीच वर्षे काही विचारले नाही. मग एके दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "ते पानी पुढे कोठे जास रे भाऊ?"

मी म्हणालो, "प्रकाशाहून उकाईत. उकाईतून काकरापार, मग सुरत, मग हजीऱ्याजवळ समुद्रात."

"मंग माले तठे लई चाल."

असे आमचे हजीऱ्याला जाण्याचे ठरले. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. सुरतेला माझे वर्षातून दोनदा तरी जाणे होते, कारण आमच्या निम्म्या नातेवाइकांचा पत्ता आता उधना, लिंबायत किंवा दिंडोली असा आहे. पण एवढ्या खेपांत मी हजीऱ्याला कधी गेलो नव्हतो. वर्गात 'सुवाळीची लढाई' दोन वाक्यांत उरकायची आणि पुढे जायचे, एवढाच माझा संबंध.

पौषातल्या एका पहाटे नंदुरबारहून गाडीत बसलो. नवापूरचे स्टेशन आले तेव्हा आईला दाखवले की हा फलाट अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. तिने खिडकीतून पाहिले आणि विचारले, "मंग शीव कोठे से?" मला दाखवता येईना. पुढे सोनगड. पिलाजी गायकवाडांनी इथल्या किल्ल्यावर आपले ठाणे केले आणि बडोद्याच्या राज्याची सुरुवात इथून झाली, हे मी तिला सांगत होतो. पण तिचे लक्ष नव्हते. स्टेशनच्या पाटीवर 'उकाई सोनगड' असे नाव होते. ती उत्तरेकडच्या डोंगरांकडे पाहत राहिली. गाडी हलली तेव्हा तिने पदर सारखा केला आणि हात जोडले. देवळावरून जाताना जोडतात तसे.

सुरत स्टेशनावर माझा एक जुना विद्यार्थी घ्यायला आला होता. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातून शिक्षण सोडून गेलेला. हजीऱ्याच्या एका कारखान्यात तो ठेकेदाराकडे फिटरचे काम करतो आणि मोरा गावात चौघे मिळून एका खोलीत राहतो. माझ्या वर्गातून दरवर्षी दोन-चार मुले परीक्षेआधीच सुरतेच्या गाडीत बसतात. हजेरीपटावर नाव राहते आणि मुलगा लूमवर नाहीतर हजीऱ्याला असतो. याने मात्र जाताना भेटून सांगितले होते, म्हणून लक्षात राहिला. आईच्या पाया पडून म्हणाला, "आजी, आज सुट्टी घेतलीय. दिवसभर तुमच्यासोबत."

अडाजण, पाल, इच्छापोर करीत रस्ता पश्चिमेकडे जातो. इच्छापोर सोडले की शहर संपते आणि भिंती सुरू होतात. मोठमोठ्या भिंती, वर काटेरी तारा, आत चिमण्या, टाक्या, नळ्यांचे जाळे. मधून मधून एखादे गाव दिसते, देवळाचा कळस आणि पाण्याची टाकी. तेवढ्यात पुन्हा भिंत.

या पट्ट्याचे नशीब पालटले ते १९८० च्या दशकात. मुंबईजवळच्या समुद्रात, दक्षिण वसईच्या क्षेत्रात सापडलेला वायू समुद्राखालच्या नळीतून इथे आणायचे ठरले. तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाचा वायू शुद्ध करण्याचा प्रकल्प इथे उभा राहिला. कृभकोचा युरिया १९८५-८६ पासून निघू लागला, आमच्या खोळीवरचा तोच. इथून निघालेली वायूची नळी मध्य प्रदेशात विजयपूरला आणि पुढे उत्तर प्रदेशात जगदीशपूरला गेली. तिच्या नावातले पहिले अक्षर हजीऱ्याचेच. नंतर पोलाद आले, जहाजे आणि अणुभट्ट्यांची अवजड यंत्रसामग्री आली, २००५ साली परदेशातून थंड करून आणलेला द्रवरूप वायू उतरवणारे बंदर आले, आणि अलीकडच्या काळात सैन्यासाठी तोफाही इथेच बनल्या. २०२० च्या नोव्हेंबरात घोघ्याची फेरी सुरू झाली. खंभातच्या आखाताला वळसा घालून भावनगरकडे जायचे तर पावणेचारशे किलोमीटर पडतात, ते पाण्यावरून नव्वदवर आले.

आईला यांतले मी फक्त युरियाचे सांगितले. "आपल्या कपाशीला टाकायचो ना, तो इथला." ती म्हणाली, "मंग याच पानीना व्हई." म्हणजे, याच पाण्याचा असेल. कारखान्यांना लागणारे गोडे पाणीही तापीचेच, तेव्हा तिचे म्हणणे अगदीच चूक नव्हते.

आधी सुवाळीला गेलो, कारण समुद्र तिथे मोकळा पाहायला मिळतो. किनाऱ्याची वाळू काळसर आहे. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक देशात सर्वांत जास्त असणाऱ्यांपैकी आहे. पाणी इतके दूर गेले होते की आईला वाटले, अजून चालायचे आहे.

वर्गात दोन वाक्यांत उरकायची ती लढाई याच किनाऱ्यासमोर झाली. तापीच्या मुखाशी गाळाचा उंबरठा असल्यामुळे मोठी जहाजे नदीतून सुरतेपर्यंत जात नसत. सुवाळीसमोर वाळूच्या दांड्याआड एक खोलगट जागा होती, तिथे नांगर टाकायचा आणि माल गाड्यांतून नाहीतर लहान होड्यांतून शहरात न्यायचा. १६०८ साली विल्यम हॉकिन्स सुरतेस आला, जहांगिराच्या दरबारी गेला, पण पोर्तुगीजांच्या दबावामुळे त्याच्या हाती कायमचे काही लागले नाही. नोव्हेंबर १६१२ च्या अखेरीस थॉमस बेस्ट हा कप्तान फक्त दोन जहाजे घेऊन इथे पोर्तुगीजांच्या चार गलबतांशी भिडला आणि भारी ठरला. पोर्तुगीज समुद्रावर हरू शकतात, ही गोष्ट मोगलांना तोवर माहीत नव्हती. लगेच पुढच्या वर्षी सुरतेत इंग्रजांची वखार पक्की झाली. १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो उतरला तोही सुवाळीलाच.

आम्हा मराठी माणसांना सुरत म्हटले की १६६४ चा जानेवारी आठवतो आणि १६७० चा ऑक्टोबर. ते साहजिक आहे. पण महाराज ज्या संपत्तीवर चालून आले, ती संपत्ती शहरात येत होती या ओसाड दिसणाऱ्या वाळूवरून, हे मी इतकी वर्षे मुलांना कधी सांगितले नाही. ती चूक माझी. नकाशात सुरत दाखवायची आणि बोट उचलायचे, अशी सवय लागलेली असते.

हजीरा हे नावही मला नेहमी कोडे वाटायचे. गुजरातीत हजिरो म्हणजे मकबरा. अहमदाबादेत राणीचा हजिरो आहे, बादशहाचा हजिरो आहे, बडोद्यालाही एक आहे. तेव्हा हे गाव थडग्याच्या नावाचे असावे असा माझा तर्क. आणि थडगी इथे आहेतच. १६९७ साली मुंबईचा एक इंग्रज अधिकारी, व्हॉक्स नावाचा, होडी उलटून बायकोसह तापीत बुडाला. नदीच्या मुखाशी असलेले त्याचे थडगे पुढे खलाशांची खूण झाले. गाळाच्या उंबरठ्यावर तारू आदळू नये म्हणून त्याच्याकडे पाहून सुकाणू वळवायचे. स्वतः बुडालेल्या माणसाच्या थडग्याने दुसऱ्यांना वाट दाखवावी, याला काय म्हणावे?

दुसरे थडगे राजगरीजवळ आहे, ते टॉम कोरिएटचे समजतात. हा गृहस्थ मला फार आवडतो. ना व्यापारी, ना वकील, ना सैनिक. इंग्लंडातल्या एका खेड्यातला हा माणूस, जग पायी पाहण्याचे वेड घेऊन निघाला. सिरियातल्या अलेप्पोहून इराणमार्गे चालत चालत अजमेरला जहांगिराच्या छावणीत पोचला आणि बादशहासमोर फारसीत भाषण ठोकून त्याने बक्षिसीही मिळवली. सर थॉमस रो त्याच्यावर चिडला, कारण इंग्रज माणूस भीक मागतो असे दिसले. १६१७ च्या डिसेंबरात पोटाचा विकार जडलेला असताना सुरतेत देशबांधवांनी त्याला भरपूर मद्य पाजले आणि त्यातच तो गेला. हजारो मैल चाललेला माणूस स्नेह्यांच्या आग्रहाला बळी पडला. आपल्याकडच्या लग्नांतल्या पंगती आठवून मला त्याची जास्तच कीव येते. राजगरीचा फाटा रस्त्यात लागला होता, पण आई थकली होती म्हणून वळलो नाही.

दुपारी हजीरा गावात पोचलो. जुनी, पुढे ओटा असलेली घरे, काही नवे मजले चढवलेली. माझ्या विद्यार्थ्याच्या ओळखीच्या एका घरी चहाला थांबलो. घरचे म्हातारे आजोबा सत्तरीपुढचे. तरुणपणी ओहोटीला चिखलातून पायी जाऊन खुंटांना जाळी लावायचे, भरती येऊन गेली की मासळी काढून आणायची, हे त्यांचे काम होते. होडीवाला कोळी वेगळा आणि हा पायी जाणारा वेगळा. याचे सगळे भांडवल म्हणजे जाळे, पाय आणि समुद्राकडे जाणारी वाट.

आई त्यांना अहिराणीत विचारत होती आणि ते गुजरातीत उत्तर देत होते. आमच्या तोंडी 'से' आणि त्यांच्या तोंडी 'छे', फारसे काही अडत नव्हते. आईने विचारले, आता का नाही जात? ते म्हणाले, "दरियो तो त्यां ज छे, बेन. रस्तो गयो." समुद्र आहे तिथेच आहे, वाट गेली.

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. एक नातू कारखान्यात कामाला आहे, दुसरा फेरीच्या धक्क्यावर गाड्या लावतो. घरात फ्रीज आहे, नातसून शिकलेली आहे. हे सगळे त्यांनी आपणहून सांगितले. गावातल्या मच्छीमारांनी मात्र हे मुकाट्याने सोडलेले नाही. बंदराच्या विस्ताराविरुद्ध त्यांची समिती पुण्याच्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेली आणि २०१६ च्या जानेवारीत न्यायाधिकरणाने विस्ताराची पर्यावरण मंजुरी रद्द ठरवून पंचवीस कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. चिखलात पायी जाणारी माणसे पुण्यापर्यंत गेली, हेच मला मोठे वाटले. आमच्या वडिलांच्या गावाला १९७० च्या सुमारास कुठे जायचे हेसुद्धा माहीत नव्हते. तलाठ्याने जिथे अंगठा दाखवला तिथे त्यांनी तो उठवला.

कारखान्यांना नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. माझ्या घरातला दिवा, शेतातले खत, माझ्या विद्यार्थ्याचा पगार, सगळे त्या भिंतींच्या आतून आणि त्या धरणावरूनच येते. फक्त चहा पिताना एवढे जाणवले की आई आणि ते आजोबा एकमेकांना फार लवकर समजले. तिने उकाईचे सांगितले. त्यांनी नुसती मान हलवली. मग २००६ च्या ऑगस्टातल्या पुराचे सांगू लागले. उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सुटले होते, सुरत बुडाली होती, हजीऱ्याच्या कारखान्यांतही पाणी शिरले होते. "तुमच्या गावावर साठलेले पाणी होते ते," माझा विद्यार्थी हसत आईला म्हणाला. आजोबाही हसले. मला हसू आले नाही.

नदीचे मुख पाहायला निघालो. सरळ रस्ता एका फाटकाशी संपला. रखवालदार भला माणूस होता, उत्तर प्रदेशातला. आईकडे पाहून म्हणाला, "अम्मा, अंदर परमिशन नहीं है." आम्ही दुसरीकडून, बोरी-बाभळीतून, चिखल तुडवत काठाशी गेलो. विद्यार्थ्याने आईला अक्षरशः उचलल्यासारखे नेले.

समोर रुंद, मातकट पाणी. पलीकडच्या काठाला डुमस. डावीकडे शहराकडून येणारी नदी, उजवीकडे समुद्र, पण कुठे एक संपते आणि दुसरे सुरू होते हे दिसत नव्हते. भरती सुरू झाली होती आणि पाणी उलटे, शहराकडे चढत होते. मुलताईला निघालेली, सातशे वीस किलोमीटर चालून आलेली सूर्यकन्या तापी इथे मागे वळताना दिसत होती. खरे तर गोड्या पाण्याची तापी सुरतेतच, रांदेर-सिंगणपोरच्या बंधाऱ्यापाशी अडते. पावसाळा सोडला तर त्याच्या खाली येते ते बरेचसे खाडीचे पाणी. हे मला माहीत होते. आईला सांगावे की नाही, याचा विचार मी गाडीत बसल्यापासून करीत होतो.

तिने पिशवीतून नारळ आणि ओटीचे सामान काढले. खाली वाकून ओंजळीत पाणी घेतले, जिभेला लावले आणि थुंकून टाकले.

"खारं से."

"समुद्र जवळ आहे ना," मी म्हणालो.

ती बराच वेळ उभी राहिली. लाटेबरोबर एक होडके शहराच्या दिशेने सरकत होते, इंजिन बंद असूनही. मग मला विचारले, "प्रकाशाथून आठे यावाले उकाईमाथून यानं पडस ना?" प्रकाशाहून इथे यायचे तर उकाईतूनच यावे लागते ना?

"हो."

"आन उकाईना पानीखाले आपलं गाव."

मी काही बोललो नाही.

"त्या आठे नही उनात रे भाऊ," ती म्हणाली. "गावमाज थांबनात व्हतीन. त्यासले एवढं पुढे यानी काय गरज?"

तिने नारळ पाण्यात सोडला नाही. पुन्हा पिशवीत ठेवला. परतताना मोऱ्याला विद्यार्थ्याच्या खोलीवर दहा मिनिटे थांबलो. चार खाटा, भिंतीवर एकवीरा मातेचे कॅलेंडर, कोपऱ्यात शिधा. आईने डबा उघडून कळण्याच्या भाकरी आणि ठेचा तिथे ठेवला. चौघांपैकी तिघे पाळीवर होते. सुरतेत शिरताना अडाजणला तापीच्या काठी पोंकाच्या टपऱ्या लागल्या होत्या. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच, ते शेवेबरोबर खातात. आईने चव घेऊन सांगितले की आपला जास्त गोड असतो, आणि तरी नातवंडांसाठी पाव किलो घेतला.

परतीच्या गाडीत गर्दी होती, पण तिला खिडकी मिळाली. उकाई सोनगड आले तेव्हा अंधार झालेला होता. बाहेर काही दिसत नव्हते. गाडी दोन मिनिटे थांबते. तिने मला हलवून जागे केले, पिशवीतला नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "पुढला आयतवारले आपन आठे उतरू."